एका गोष्टीतून पेटलेली दुसरी गोष्ट: कॅथलिक मनपरिवर्तनाच्या कथा कशा वाचाव्यात

नागपूरच्या माणसाला धर्मांतराचं वजन समजावून सांगावं लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजही अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. त्याच वर्षी नियोगी समितीचा अहवालही आला. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि समितीचे अध्यक्ष भवानीशंकर नियोगी हे नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश. ख्रिस्ती मिशनऱ्यांवर आमिषाचे आणि दबावाचे आरोप त्या अहवालात होते, चर्चच्या लोकांनी ते नाकारले. तो वाद अजून मिटलेला नाही.

त्यामुळे कॅथलिक झालेल्या माणसांच्या कथा वाचा, त्यातून खूप मिळतं, असं मी म्हटलं की समोरच्याच्या कपाळावर आठी पडते. ती का पडते हे मला कळतं. मी स्वतः जन्माने कॅथलिक आहे, पण माझे बहुतेक मित्र नाहीत, आणि त्यांनी कॅथलिक व्हावं म्हणून हा लेख लिहिलेला नाही. या कथांमध्ये नेमकं काय घडतं, त्या एकातून दुसरी कशी पेटत गेली आणि चर्चचे स्वतःचे नियम काय सांगतात, एवढं सोपं करून सांगायचं आहे. ज्याला आयुष्यात कधी तरी मोठा निर्णय पुढे ढकलावासा वाटला, त्याला यात आपली ओळख पटेल अशी माझी खात्री आहे.

सुरुवात इजिप्तमधल्या एका तरुणापासून करतो. तिसऱ्या शतकाचा उत्तरार्ध. अँटनी नावाच्या या तरुणाचे आईवडील नुकतेच वारले होते, मागे जमीन होती आणि एक बहीण. एके दिवशी तो चर्चमध्ये गेला तेव्हा शुभवर्तमानातलं वाचन चालू होतं: तुझं असेल नसेल ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. चर्चमध्ये इतरही लोक बसलेले असणार. अँटनीला मात्र वाटलं, हे मलाच सांगितलं. त्याने जमीन वाटून टाकली आणि पुढे वाळवंटात जाऊन राहिला. त्याच्या मृत्यूनंतर अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांनी त्याचं चरित्र लिहिलं आणि ते हातोहात पसरलं.

आता शंभरेक वर्षं पुढे या. इसवी सन ३८६, इटलीतलं मिलान. ऑगस्टीन नावाचा एकतिशीतला प्राध्यापक. जन्म उत्तर आफ्रिकेतला, वक्तृत्वकला शिकवण्यात नाव कमावलेलं, हुशारीबद्दल कुणाला शंका नाही. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती. पोराने मात्र तिचा धर्म बाजूला ठेवून जवळजवळ नऊ वर्षं मानी नावाच्या गुरूच्या पंथात काढली, मग त्यालाही कंटाळला. मिलानमध्ये बिशप अँब्रोज यांची प्रवचनं तो ऐकायला जायचा, आधी फक्त त्यांची भाषणशैली पाहायला. हळूहळू त्याच्या बुद्धीचे सगळे आक्षेप फिटले. तरी पाऊल पुढे पडेना. देवा, मला शुद्ध कर, पण इतक्यात नको, ही तरुणपणची स्वतःची प्रार्थना त्याने पुढे प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे.

अशात एक ओळखीचा सरकारी अधिकारी, पोंटिसियानस, भेटायला आला. बसल्या बसल्या त्याचं लक्ष समोरच्या खेळाच्या मेजावर पडलेल्या पुस्तकाकडे गेलं. प्राध्यापकाच्या घरातलं पुस्तक, तेव्हा शिकवण्याचंच काही असेल म्हणून त्याने उचललं, तर ती निघाली संत पौलाची पत्रं. तो ख्रिस्ती होता, त्याला आनंद झाला आणि गप्पांच्या ओघात त्याने अँटनीची गोष्ट काढली. ऑगस्टीनने ती कधी ऐकलीच नव्हती. पाठोपाठ त्याने आणखी एक किस्सा सांगितला: ट्रिअर शहरात त्याच्या दोन सहकाऱ्यांच्या हाती अँटनीचं चरित्र लागलं आणि वाचता वाचताच त्यांनी दरबारची नोकरी सोडायचं ठरवलं.

पाहुणा निघून गेला आणि ऑगस्टीनला राहवेना. शिक्षण नसलेली माणसं उठून पुढे गेली आणि आपण एवढं शिकून इथेच लोळतोय, अशा अर्थाचं तो मित्र अलिपियसला ओरडूनच म्हणाला. बागेत अंजिराच्या झाडाखाली जाऊन रडला. शेजारच्या घरातून लहान मुलाचा की मुलीचा आवाज येत होता, एखाद्या खेळातल्यासारखा: उचल आणि वाच, उचल आणि वाच. त्याला अँटनीच आठवला. त्यानेही कानावर पडलेलं वाक्य स्वतःसाठी मानलं होतं. ऑगस्टीनने पौलाचं पुस्तक उघडलं, रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातल्या दोन ओळी वाचल्या आणि थांबला. पुढचं वाचायची गरज उरली नव्हती. अलिपियसने मात्र पुढची ओळ वाचली, जो विश्वासाने दुबळा आहे त्याला जवळ करा अशा अर्थाची, आणि म्हणाला, ही माझ्यासाठी. दोघे आत जाऊन मोनिकाला सांगून आले. पुढच्या वर्षी, ३८७ च्या ईस्टरला, अँब्रोज यांच्या हातून दोघांचा बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीनचा किशोरवयीन मुलगाही त्यांच्यासोबत होता.

या मुलाच्या आईबद्दल इथे लिहिलंच पाहिजे. ती वर्षानुवर्षं ऑगस्टीनसोबत राहिली. मग बड्या घरची सोयरीक ठरत होती म्हणून तिला परत आफ्रिकेत पाठवलं गेलं. आपलं हृदय तेव्हा फाटलं असं ऑगस्टीन लिहितो, पण तिचं नाव लिहीत नाही. मला ही जागा दर वाचनात टोचते. संत झालेल्या माणसाच्या वाटेवर कुणाची तरी किंमत मोजली गेली, आणि ती बाई आपल्यापर्यंत नावानिशी पोचलीसुद्धा नाही. मनपरिवर्तनाची कथा वाचताना असे कोपरे झाकून ठेवले की ती कथा राहत नाही, जाहिरात होते.

ऑगस्टीनने ‘कबुलीजबाब’ हे आत्मकथन साधारण ३९७ ते ४०० च्या दरम्यान लिहिलं. साडेअकराशे वर्षांनी ते स्पेनमधल्या आविला गावच्या तेरेसाच्या हाती पडलं. तेरेसा तेव्हा जवळपास वीस वर्षं मठात होती. धर्म बदलायचा प्रश्नच नव्हता, ती सिस्टरच होती. पण प्रार्थनेत मन लागत नव्हतं, मठाच्या बैठकखोलीतल्या गप्पा सुटत नव्हत्या, दिवस नुसते ढकलले जात होते. १५५४ च्या सुमाराला जखमी ख्रिस्ताच्या एका मूर्तीसमोर ती कोसळून रडली, आणि त्याच काळात बागेतला प्रसंग वाचताना तिला वाटलं की ती हाक आपल्यालाच आली. हे तिने आपल्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलंय. पुढे तिने कार्मेल या आपल्या मठवासी संघाची मोठी सुधारणा केली.

कॅथलिक परंपरेत ज्याला मनपरिवर्तन म्हणतात ते फक्त बाहेरून आत येणाऱ्यांसाठी नसतं, हे तेरेसामुळे चटकन कळतं. आत जन्मलेल्यांनाही ते चुकत नाही. उलट आमच्यासारख्यांना त्याची जास्त गरज, कारण आम्हाला सगळं आयतं मिळालेलं असतं. रविवारची मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, पहिला ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण म्हणजे विश्वास पक्का करण्याचा संस्कार, सगळं घरच्यांनी वेळेवर उरकलेलं. जो माणूस हे सारं मागून, किंमत देऊन घेतो, त्याची गोष्ट वाचली की आपल्या हातात काय आहे ते नीट दिसायला लागतं.

तेरेसाचं आत्मचरित्र पुढे जर्मनीत एका तरुण विदुषीच्या हाती आलं. एडिथ श्टाइन, जन्म १८९१, ब्रेस्लाऊमधल्या ज्यू कुटुंबातली. किशोरवयातच तिने प्रार्थना सोडली होती. हुसेर्ल या मोठ्या तत्त्वज्ञाच्या हाताखाली तिने डॉक्टरेट केली. १९२१ च्या उन्हाळ्यात बेर्गत्साबेर्न गावी मित्रांच्या घरी तिने हे पुस्तक वाचलं. एका रात्रीत वाचून संपवलं असं सांगतात. १ जानेवारी १९२२ ला तिने बाप्तिस्मा घेतला.

सांगणारे बहुधा त्या एका रात्रीवर थांबतात. मला मात्र त्याआधीची चार वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये तिचे शिक्षक आणि मित्र आडोल्फ रायनाख युद्धात मारले गेले. त्यांचे कागद लावून द्यायला एडिथला बोलावलं गेलं. कोसळलेल्या विधवेला काय तोंड दाखवायचं, या विचाराने ती धास्तावली होती. प्रत्यक्षात आना रायनाख शोकात असूनही खचलेल्या नव्हत्या, उलट येणाऱ्यांनाच धीर देत होत्या. पतिपत्नी दोघांनी नुकताच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, तोही प्रोटेस्टंट पंथाचा. आपली अश्रद्धा त्या घरात पहिल्यांदा ढासळली असं एडिथने पुढे सांगितलं. वादविवादात जिला कुणी हरवू शकलं नसतं, तिच्यावर एका बाईच्या वागण्याने परिणाम केला. पुस्तक नंतर आलं.

या कथेचा शेवट अवघड आहे आणि तो गोड करू नये. एडिथच्या आईला मुलीचा निर्णय अतोनात लागला. बाप्तिस्म्यानंतरही एडिथ आईसोबत सिनेगॉगमध्ये जात राहिली. १९३३ मध्ये ती कार्मेल मठात दाखल झाली. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी तिला आणि तिची बहीण रोझाला हॉलंडमधल्या मठातून उचललं, आणि ९ ऑगस्टला आउश्विट्झमध्ये दोघींना मारलं. १९९८ मध्ये तिला संत घोषित केलं तेव्हा अनेक ज्यू लोकांनी वेदनेने विचारलं: ती ज्यू होती म्हणून मारली गेली, मग तुम्ही तिला आपली हुतात्मा कशी म्हणता? प्रश्न रास्त आहे. कॅथलिक वाचकाने तो मनात ठेवूनच तिला वंदन करावं.

अँटनी, ऑगस्टीन, तेरेसा, एडिथ. इजिप्तपासून जर्मनीपर्यंत साडेसोळाशे वर्षांची ही साखळी आहे, आणि तिचा प्रत्येक दुवा म्हणजे कुणी तरी सांगितलेली किंवा लिहून ठेवलेली गोष्ट. ती का पेटते? माझ्या मते, सांगणारा आपला उशीर लपवत नाही म्हणून. चमत्कार ऐकून आपण मान डोलावतो आणि घरी जातो. दुसऱ्याचा नऊ वर्षांचा, वीस वर्षांचा टाळाटाळीचा हिशोब वाचला की आपली टाळाटाळ उघडी पडते. दुधाला विरजण लावल्यावर नेमकं कोणत्या घटकेला दही झालं हे कुणी सांगू शकत नाही, तसंच यांचंही. बागेतली दुपार किंवा ती रात्र ही झालेलं दिसण्याची वेळ. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ मध्ये धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली १९५६ मध्ये. मधली एकवीस वर्षं अभ्यासाची होती. त्यांची वाट सामाजिक अन्यायाविरुद्धची होती, ती या कथांच्या मापाने मोजू नये. पण इतका विचार करून धर्म निवडणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटायला तो आपल्या धर्मात आलेला असावा लागत नाही.

आपल्या शहरातूनही अशी एक गाडी सुटली होती, शब्दशः. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला, कवितेवर गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने टिळकांना बायबलची प्रत दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही तो म्हणाला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर टिळकांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक प्रोटेस्टंट झाले, तेव्हा कॅथलिक कथांत त्यांना घालता येत नाही. पण मराठी वाचकाने या विषयात पहिलं पाऊल ठेवायचं तर लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’इतकी चांगली जागा दुसरी नाही. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा बायकोवर काय गुदरलं, हे त्यांच्याइतकं थेट कुणी लिहिलेलं नाही. दोघं काही वर्षं वेगळी राहिली. लक्ष्मीबाईंनी स्वतःचा निर्णय स्वतःच्या वेळेला, १९०० मध्ये घेतला.

कॅथलिक बाजूने नागपूरशी जोडलेली एक कथा ब्रह्मबांधव उपाध्याय यांची. मूळ नाव भवानीचरण बंद्योपाध्याय, जन्म १८६१, बंगाली ब्राह्मण, विवेकानंदांच्या ओळखीतले. १८९१ मध्ये ते कॅथलिक झाले. भगवी वस्त्रं घालून फिरत आणि आपण जन्माने हिंदू, बाप्तिस्म्याने कॅथलिक, असं निक्षून सांगत. भारतीय पद्धतीचा कॅथलिक मठ काढायचा म्हणून त्यांनी १८९९ मध्ये जबलपूरला नर्मदाकाठची जागा निवडली. जबलपूर तेव्हा नागपूरच्या बिशपांच्या अखत्यारीत होतं, आणि बिशप पेल्वा यांनी त्यांना पाठिंबा दिला. वरून मात्र, पोपच्या भारतातल्या प्रतिनिधीकडून, विरोध झाला आणि मठ बंद पडला. उपाध्याय कलकत्त्याला गेले, ‘संध्या’ नावाचं जहाल वृत्तपत्र काढलं, राजद्रोहाच्या खटल्यात अडकले आणि १९०७ मध्ये खटला चालू असतानाच इस्पितळात वारले. अखेरच्या महिन्यांत त्यांनी हिंदू रीतीने प्रायश्चित्तही घेतलं होतं. अंत्यसंस्कार हिंदू पद्धतीने झाले. मग ते शेवटी कोण होते? अभ्यासक अजून वाद घालतात. सच्चिदानंदाला वंदन करणारं त्यांचं संस्कृत स्तोत्र मात्र भारतातल्या कॅथलिक प्रार्थनेत आजही गायलं जातं. चौकटीत न बसणाऱ्या या माणसाची कथा मला सरळसोट संतचरित्रांपेक्षा जवळची वाटते. चर्चने त्यांना तेव्हा आणखी थोडी जागा द्यायला हवी होती, असंही वाटतं.

आता आजच्या व्यवहाराकडे. एखाद्या प्रौढ माणसाला खरोखरच कॅथलिक व्हायचं असेल तर काय होतं? लोकांना वाटतं तसं आज आले, उद्या पाणी शिंपडलं, असं नसतं. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्राचीन पद्धत परत आणली आणि १९७२ मध्ये तिचा विधी ठरला. आधी नुसती चौकशी आणि गप्पा, मग शिकण्याचा काळ, तोही महिनोन्‌महिने. सोबतीला धर्मपिता किंवा धर्ममाता. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शेवटची तयारी, आणि संस्कार झाल्यावरही काही काळ मार्गदर्शन. मधेच थांबायची मोकळीक शेवटपर्यंत असते. दुसऱ्या ख्रिस्ती पंथात रीतसर बाप्तिस्मा झालेला असेल तर तो पुन्हा देत नाहीत.

आणि सक्तीचं काय? चर्चचा स्वतःचा कायदा, नियम ७४८, सांगतो की कुणाच्याही सदसद्विवेकाविरुद्ध त्याला कॅथलिक व्हायला भाग पाडणं कधीही चालणार नाही. त्याच व्हॅटिकन परिषदेच्या मिशनकार्यावरच्या १९६५ मधल्या दस्तऐवजात जबरदस्तीसोबत आमिषालाही मनाई आहे, आणि येणाऱ्याचे हेतू तपासावेत असंही म्हटलंय. इतिहासात हे सगळीकडे पाळलं गेलं असा दावा कुणी करू नये. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आपल्यापासून फार लांब नव्हतं. देशाच्या कायद्याचं बोलायचं तर राज्यघटनेचं कलम २५ धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं; पण प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केलं.

हा संस्कार प्रत्यक्ष पाहायचा असेल तर ईस्टरच्या आदल्या रात्री सदरमधल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये किंवा शहरातल्या कोणत्याही पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक कॅथलिक चर्चमध्ये, जा. दिवे बंद असतात. बाहेर अंगणात शेकोटी पेटवतात, मार्च-एप्रिलच्या आपल्या उकाड्यात तिची धग लगेच जाणवते. फादर मोठ्या मेणबत्तीवर क्रूस आणि चालू वर्षाचे आकडे रेखतात, तिच्यात धूपाचे पाच दाणे रोवतात, शेकोटीवरून ती पेटवतात आणि अंधारात आत आणतात. तिच्यावरून लोक आपापल्या मेणबत्त्या पेटवतात. मग उत्पत्तीपासूनची वाचनं, संतांची नामावळी. ज्यांचा बाप्तिस्मा असतो ते पुढे येतात, सैतानाला नाकारतात, विश्वास कबूल करतात. डोक्यावर तीनदा पाणी ओततात, पांढरं वस्त्र देतात. त्याच रात्री दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद. कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं, ते फ्रान्सिस स्वतः सोळाव्या शतकाच्या अखेरीस आल्प्सच्या परिसरात प्रवचनाला कुणी येईना म्हणून पत्रकं लिहून लोकांच्या दाराखालून सरकवत. वाचायचं की चुलीत घालायचं, हे दाराआडच्या माणसाने ठरवायचं.

कथा वाचताना एक कसोटी उपयोगी पडते, ती जेझुइट संघाचा संस्थापक लोयोलाच्या इग्नेशियसची. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यावर तो महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळला. त्याला हव्या होत्या शूरवीरांच्या कादंबऱ्या, घरात मिळालं ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. पराक्रमाची स्वप्नं रंगवली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, मग मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचा विचार केला की समाधान नंतरही टिकायचं. हा फरक त्याने टिपून ठेवला आणि पुढचं सगळं त्यावर उभं केलं. तुम्हीही कथा मिटून ठेवल्यावर दोन दिवसांनी पाहा, काय उरलंय. दुसऱ्या धर्माबद्दलची तुच्छता उरली असेल तर ती कथा तरी वाईट किंवा वाचन तरी. पुढे ढकललेलं एखादं पत्र, एखादी माफी, एखादं व्यसन सोडण्याची निकड उरली असेल तर कथा लागू पडली.

कुठून सुरू करायचं असं विचाराल तर बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक घ्या. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर कसा बदलला आणि पौल झाला, हे त्यात तीनदा येतं: अध्याय ९, २२ आणि २६. तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. चित्रकारांनी रंगवलेला घोडा एकातही नाही. सोबत्यांनी काय ऐकलं आणि काय पाहिलं, यात पहिल्या दोन अध्यायांत फरक पडतो. पराणीवर, म्हणजे बैल हाकायच्या टोकदार काठीवर, लाथ मारण्याचं वाक्य तिसऱ्यात येतं, राजासमोर बोलताना. दिमिष्कातला ख्रिस्ती शिष्य हनन्या मात्र तिसऱ्यात नाही. पहिल्यात त्याला नीट पाहून घ्या: हा माणूस आपल्याला धरायला आलेला आहे हे पक्कं ठाऊक असूनही, घाबरत, देवाशी हुज्जत घालून तो त्या घरी जातो, आंधळ्या झालेल्या शौलाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि त्याला पहिली हाक मारतो ती ‘भाऊ’ अशी.